क्रिश चित्रपट मालिका आणि प्रेक्षकांची प्रतीक्षा

'क्रिश' ही मुंबईतील फिल्मक्राफ्ट प्रॉडक्शन्स या संस्थेने निर्मिलेली हिंदी विज्ञानपटांची मालिका आहे. 'कोई... मिल गया' (२००३), 'क्रिश' (२००६) आणि 'क्रिश ३' (२०१३) हे तिचे तीन भाग असून तिन्हींचे निर्माते व दिग्दर्शक राकेश रोशन आहेत. प्रमुख भूमिका हृतिक रोशन यांनी साकारली आहे, तर संगीत राजेश रोशन यांचे आहे. पहिल्या व दुसऱ्या भागात सुमारे तीन वर्षांचे, दुसऱ्या व तिसऱ्या भागात सात वर्षांहून अधिक काळाचे अंतर पडले. तिसऱ्या भागानंतर बारा वर्षे, म्हणजे २०२५ पर्यंत, चौथा भाग प्रदर्शित झाला नव्हता. त्यामुळे चित्रपटांइतकीच त्यांच्या मधल्या काळातील प्रतीक्षा हाही या मालिकेच्या इतिहासाचा भाग ठरला आहे.

पहिला भाग ज्यांनी बालवयात पाहिला ती पिढी पुढील भागांच्या प्रतीक्षेत प्रौढ झाली. २००३ मध्ये दहा वर्षांचा असलेला प्रेक्षक तिसऱ्या भागाच्या वेळी वीस वर्षांचा, तर २०२५ मध्ये बत्तीस वर्षांचा झाला. पुढचा भाग या जुन्या प्रेक्षकाच्या आठवणींसाठी करावा की आजच्या मुलांसाठी, हा प्रश्न मालिकेविषयीच्या चर्चेत वारंवार उपस्थित होतो.

== पार्श्वभूमी ==

भारतीय चित्रपटसृष्टीत विज्ञानपटांची परंपरा जुनी असली तरी ती सलग नाही. एम. जी. रामचंद्रन यांची भूमिका असलेला 'कलै अरसी' (१९६३) हा तमिळ चित्रपट परग्रहवासीयांना पडद्यावर आणणाऱ्या आरंभीच्या भारतीय चित्रपटांपैकी एक होय. हिंदीत १९६७ मध्ये 'वहाँ के लोग' आणि दारा सिंग यांचा 'चाँद पर चढ़ाई' हे चित्रपट आले. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी 'द एलियन' या नियोजित चित्रपटाची पटकथा लिहिली. त्यांच्याच 'बंकुबाबूर बंधू' या १९६२ मधील बंगाली कथेशी तिचे नाते होते. कोलंबिया पिक्चर्स या अमेरिकी कंपनीशी बोलणी होऊनही तो चित्रपट पूर्ण झाला नाही.

शेखर कपूर दिग्दर्शित 'मिस्टर इंडिया' (१९८७) या चित्रपटात अदृश्य करणारे यंत्र हाती आलेला सामान्य मनुष्य नायक होता. त्याच्या यशानंतरही हिंदीत विज्ञानपटांची रांग लागली नाही. दृश्यपरिणामांचा खर्च, तंत्रज्ञांची उणीव आणि हा प्रकार केवळ मुलांचा असल्याची व्यवसायातील समजूत ही त्यामागील काही कारणे मानली जातात. अशा स्थितीत 'कोई... मिल गया' प्रदर्शित झाला. त्यामुळे त्या काळातील बहुसंख्य हिंदी भाषक मुलांसाठी, आणि हिंदी चित्रपट नियमितपणे पाहणाऱ्या मराठी मुलांसाठीही, परग्रहवासीयाची पडद्यावरील पहिली ओळख याच चित्रपटाने करून दिली.

== कोई... मिल गया (२००३) ==

हा चित्रपट ८ ऑगस्ट २००३ रोजी प्रदर्शित झाला. संजय मेहरा हे शास्त्रज्ञ 'ॐ'च्या निरनिराळ्या स्वरांवर आधारित संदेश संगणकाच्या साहाय्याने अवकाशात पाठवीत असतात. एका अपघातात त्यांचा मृत्यू होतो. त्याच अपघातात गर्भवती पत्नी सोनिया (रेखा) हिला इजा होते आणि तिचा मुलगा रोहित (हृतिक रोशन) याची बौद्धिक वाढ खुंटते. मोठेपणी रोहित व निशा (प्रीती झिंटा) यांच्या हाती वडिलांचा तो संगणक लागतो. त्यांच्या संदेशाला प्रतिसाद म्हणून एक अवकाशयान येते आणि परतताना आपल्या एका साथीदाराला पृथ्वीवरच सोडून जाते. सूर्यप्रकाशापासून शक्ती मिळविणाऱ्या या निळसर जिवाला मुले 'जादू' असे नाव देतात.

जादूचा पोशाख ऑस्ट्रेलियातील जेम्स कोल्मर यांनी घडविला होता, तर त्या पोशाखाच्या आत इंद्रवदन पुरोहित हे कलावंत होते. दृश्यपरिणामांसाठी मार्क कोल्ब आणि क्रेग मुम्मा या परदेशी तंत्रज्ञांचे साहाय्य घेण्यात आले. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेता या गटांतील फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. ५१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही त्याचा गौरव झाला. 'कहो ना... प्यार है' (२०००) या पहिल्याच चित्रपटाने प्रचंड लोकप्रिय झालेल्या हृतिक रोशन यांचे त्यानंतरचे अनेक चित्रपट अपयशी ठरले होते. या भूमिकेने त्यांची कारकीर्द सावरली.

चित्रपटावर टीकाही झाली. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'ई.टी.' (१९८२) या चित्रपटाशी असलेले कथेचे साम्य अनेक समीक्षकांनी दाखवून दिले. 'ई.टी.'चेच राय यांच्या पटकथेशी साम्य असल्याची चर्चा पूर्वीपासून असल्याने, परग्रहवासी मित्राच्या कथेचा प्रवास बंगालमधून हॉलिवूडकडे आणि तेथून पुन्हा भारतात झाला, असेही म्हटले गेले. मात्र 'ई.टी.' न पाहिलेल्या बालप्रेक्षकांच्या लेखी ही तुलना फारशी महत्त्वाची नव्हती. त्यांना भावलेली गोष्ट वेगळी होती. वर्गात मागे पडणारा, थट्टेचा विषय झालेला मुलगा येथे नायक होता आणि त्याला मिळालेल्या शक्तीहूनही त्याची मैत्री मोठी होती.

== पहिली प्रतीक्षा : २००३ ते २००६ ==

पहिल्या चित्रपटाची कथा तिच्या जागी पूर्ण झाली होती. जादू आपल्या लोकात परततो आणि रोहितला मिळालेली शक्ती त्याच्यापाशी राहते. तरीही या शक्तीचे पुढे काय होते, हा प्रश्न उरला होता. 'क्रिश' या चित्रपटाने त्याचे उत्तर पुढच्या पिढीत शोधले.

'क्रिश' २३ जून २००६ रोजी प्रदर्शित झाला. रोहित व निशा यांचा मुलगा कृष्णा (हृतिक रोशन) याला वडिलांची शक्ती जन्मतः लाभलेली असते. जगाच्या नजरेपासून त्याला दूर ठेवण्यासाठी आजी सोनिया त्याला डोंगराळ प्रदेशात वाढविते. प्रियाच्या (प्रियांका चोप्रा) ओढीने तो सिंगापूरला जातो. तेथे सर्कशीला लागलेल्या आगीतून मुलांना वाचविताना, ओळख लपविण्यासाठी तो एक तुटका मुखवटा चेहऱ्यावर चढवितो आणि 'क्रिश' जन्माला येतो. भविष्य दाखविणाऱ्या संगणकाच्या मागे असलेला डॉ. सिद्धांत आर्य (नसीरुद्दीन शाह) हा या भागातील खलनायक आहे. साहसदृश्यांचे संयोजन हाँगकाँगचे चिंग सिउ-तुंग यांनी केले. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट दृश्यपरिणामांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या भागाने मालिकेचा प्रकार बदलला. पहिला चित्रपट मैत्रीची कथा सांगणारा विज्ञानपट होता, तर दुसरा अतिमानवी शक्ती असलेल्या नायकाचा साहसपट झाला. प्रेक्षकांच्या प्रतिसादातही त्यामुळे दोन प्रवाह दिसले. मुखवटा, काळा झगा आणि झेपावणारा भारतीय नायक यांनी बालप्रेक्षक भारावून गेले. क्रिशचे मुखवटे खेळण्यांच्या दुकानांत आले. दुसरीकडे, जादूच्या पुनरागमनाची अपेक्षा बाळगणाऱ्यांना रोहितही उत्तरार्धातच भेटला. अपेक्षा एका गोष्टीची आणि प्राप्ती दुसऱ्याच गोष्टीची, असा हा अनुभव होता. तरी चित्रपट व्यावसायिकदृष्ट्या यशस्वी ठरल्याने हा बदल कायम झाला आणि पुढे संपूर्ण मालिकाच 'क्रिश' या नावाने ओळखली जाऊ लागली.

== दुसरी प्रतीक्षा : २००६ ते २०१३ ==

'क्रिश'नंतर पुढच्या भागाची चर्चा लगेच सुरू झाली, मात्र तो पडद्यावर येण्यास सात वर्षे लागली. मधल्या काळात राकेश रोशन यांनी 'क्रेझी ४' (२००८) आणि 'काईट्स' (२०१०) या चित्रपटांची निर्मिती केली, परंतु दिग्दर्शन केले नाही.

या सात वर्षांत प्रेक्षकांची दृष्टी बदलली. रजनीकांत यांचा 'एंदिरन' (२०१०) हा तमिळ चित्रपट 'रोबोट' या नावाने हिंदीत गाजला. शाहरुख खान यांचा 'रा.वन' (२०११) मोठ्या खर्चाने आला. हॉलिवूडचा 'अवतार' भारतात डिसेंबर २००९ मध्ये, तर 'द ॲव्हेंजर्स' २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. हे परदेशी चित्रपट हिंदी, तमिळ व तेलुगू भाषांतून महानगरांबाहेरही पोहोचू लागले होते. २००६ मध्ये 'क्रिश'ची तुलना प्रामुख्याने आधीच्या हिंदी चित्रपटांशी होत असे. २०१३ मधील प्रेक्षकापुढे जगभरातील तुलनेची साधने होती.

तिसऱ्या भागाच्या नावाविषयीही कुतूहल निर्माण झाले. 'क्रिश' या नावाचा एकच चित्रपट येऊन गेलेला असताना पुढच्याला थेट 'क्रिश ३' असे नाव देण्यात आले. 'कोई... मिल गया' हाच मालिकेचा पहिला भाग आहे, हे त्यातून स्पष्ट करण्यात आले.

== क्रिश ३ आणि त्याचा प्रतिसाद ==

'क्रिश ३' हा चित्रपट १ नोव्हेंबर २०१३ रोजी दिवाळीच्या सुट्टीत प्रदर्शित झाला. हिंदीबरोबरच तो तमिळ व तेलुगू भाषांतही आणण्यात आला. कथेत रोहित शास्त्रज्ञ झाला आहे आणि कृष्णा मुंबईत प्रियासह संसार करीत गुप्तपणे लोकांचे रक्षण करतो. चाकांच्या खुर्चीला जखडलेला परंतु मनोबलाने वस्तू हलवू शकणारा काल (विवेक ओबेरॉय) प्राण्यांचे गुणधर्म असलेले 'मानवर' निर्माण करतो. विषाणू पसरवून त्यावरील औषध विकण्याचा त्याचा बेत असतो. हवे ते रूप धारण करणारी काया (कंगना राणावत) त्याच्याच प्रयोगशाळेत घडलेली आहे. या चित्रपटाचे दृश्यपरिणाम प्रामुख्याने रेड चिलीज व्हीएफएक्स या मुंबईच्या संस्थेने केले. पहिल्या भागात परदेशी तंत्रज्ञांवर असलेली भिस्त दहा वर्षांत कमी झाल्याचे हे द्योतक होते.

=== स्वागत ===

प्रदर्शनानंतर पहिल्या काही दिवसांत चित्रपटाला मोठी गर्दी लाभली आणि त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या हिंदी चित्रपटांत त्याची गणना झाली. एकूण उत्पन्नाचे निर्मात्यांकडून सांगितले गेलेले आकडे आणि व्यापार-विश्लेषकांचे काही अंदाज यांत मोठी तफावत होती व तिची जाहीर चर्चाही झाली. हृतिक रोशन यांनी रोहित व कृष्णा या पितापुत्रांच्या दोन्ही भूमिकांत दाखविलेला फरक बहुतेकांनी वाखाणला. कंगना राणावत यांच्या कायाचेही कौतुक झाले.

=== टीका ===

टीकेचा रोख मुख्यतः कथेवर होता. खुर्चीस्थित खलनायक, रूपे बदलणारी स्त्री आणि उत्परिवर्तित जीव यांची 'एक्स-मेन' मालिकेतील पात्रांशी तुलना झाली. उंच इमारतींमधील अंतिम संघर्षात अनेकांना सुपरमॅनच्या चित्रपटांची आठवण झाली. गाणी व विनोदी प्रसंग यांमुळे कथेची गती मंदावते, असेही मत मांडले गेले. या मताच्या विरोधात, गीते व कौटुंबिक भावना हीच या मालिकेची भारतीय ओळख आहे, असा युक्तिवाद करण्यात आला.

=== रोहितचा मृत्यू ===

जुन्या प्रेक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना म्हणजे रोहितचा मृत्यू. मरणासन्न मुलाला जगविण्यासाठी रोहित आपली शक्ती त्याला देतो आणि प्राण गमावतो. ज्या पात्रापासून मालिका सुरू झाली तेच पात्र यामुळे कथेतून गेले. जादूही या भागात परतला नाही. पहिल्या चित्रपटाशी असलेला थेट धागा येथे तुटला, असे मानणारे प्रेक्षक होते. पित्याचा त्याग हा मालिकेच्या मूळ भावनेशी सुसंगत शेवट आहे, असे मानणारेही होते. चित्रपटाच्या अखेरीस कृष्णा व प्रिया यांना मुलगा होतो आणि तोही अलौकिक शक्ती घेऊन जन्मल्याचे सूचित केले जाते. पुढच्या भागाची अपेक्षा चित्रपटानेच अशा रीतीने निर्माण केली.

=== पडद्यावरील चाहते ===

मालिकेने चाहत्यांना कथेतही स्थान दिले आहे. 'क्रिश'मध्ये मुखवट्यामागील व्यक्ती म्हणून मिळणारे बक्षीस कृष्णा आपल्या गरजू मित्राला, क्रिस्टियनला, स्वीकारायला लावतो. 'क्रिश ३'मध्ये मुंबईकर क्रिशचा पुतळा उभारतात आणि इतरांचा जीव वाचविणारा कोणीही क्रिश होऊ शकतो, हा विचार मांडला जातो. मुखवटा एका व्यक्तीच्या मालकीचा नाही, ही कल्पना बालप्रेक्षकांना विशेष जवळची वाटण्याजोगी होती. मालिका नेमकी कोणाची, या पुढे निर्माण झालेल्या चर्चेलाही या कल्पनेची पार्श्वभूमी आहे.

== महाराष्ट्रातील प्रदर्शन आणि प्रतीक्षेचे बदललेले स्वरूप ==

हिंदी चित्रपट व्यवसायात देशाची विभागणी वितरण क्षेत्रांत केली जाते आणि ही क्षेत्रे आजच्या राज्यांच्या सीमांशी जुळत नाहीत. महाराष्ट्र राज्य एकापेक्षा अधिक वितरण क्षेत्रांत विभागलेले आहे. मुंबई व पश्चिम महाराष्ट्र हे गुजरातसह मुंबई क्षेत्रात येतात. मराठवाड्याचा काही भाग निझाम क्षेत्रात गणला जातो. नागपूरसह विदर्भ हा छत्तीसगड व मध्य प्रदेशाच्या काही भागासह 'सी. पी. बेरार' या क्षेत्रात मोडतो. ब्रिटिशकालीन मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताचे, ज्याची राजधानी नागपूर होती, नाव चित्रपट व्यवसायाने अशा रीतीने अद्याप टिकवून ठेवले आहे. एकाच राज्यातील प्रेक्षकांपर्यंत एकच चित्रपट वेगवेगळ्या वितरकांमार्फत पोहोचण्याचे हे कारण आहे.

'कोई... मिल गया'च्या काळात चित्रपट ३५ मिलिमीटर फितीच्या प्रतींवर चित्रपटगृहांत जात. प्रत तयार करणे खर्चाचे असल्याने त्यांची संख्या मर्यादित असे. मोठ्या शहरांतील खेळ ओसरल्यावर त्याच प्रती तालुक्याच्या गावी व तेथून लहान गावांतील एकपडदा चित्रपटगृहांत किंवा तंबूंत जात. लहान गावातील मुलाची प्रतीक्षा अशा प्रकारे दुहेरी होती. आधी चित्रपट तयार होण्याची आणि मग तो आपल्या गावी येण्याची वाट पाहावी लागे. तोवर शहरातून आलेल्या नातलगांकडून कथा ऐकलेली असे किंवा गाणी दूरचित्रवाणीवर पाठ झालेली असत.

उपग्रहाद्वारे चित्रपट थेट चित्रपटगृहात पोहोचविणाऱ्या डिजिटल पद्धतीचा प्रसार २००५ नंतर झाला. २०१३ मध्ये 'क्रिश ३' आला तेव्हा मुंबई, नागपूर आणि जिल्ह्याच्या लहान शहरांतील प्रेक्षकांना एकाच दिवशी तो पाहणे शक्य झाले होते. त्यामुळे प्रतीक्षा संपण्याचा क्षण सामायिक झाला. त्याच वेळी मत बनण्याचा वेगही वाढला. पूर्वी चित्रपट गावी येईपर्यंत आठवडे जात. आता पहिल्या खेळाच्या मध्यंतरातच मते मोबाइलवरून पसरू लागली. बहुपडदा चित्रपटगृहांच्या वाढीबरोबर एकपडदा चित्रपटगृहे बंद पडत गेली आणि तिकिटांचे दर वाढले. कुटुंबाने एकत्र चित्रपट पाहणे पूर्वीपेक्षा महाग झाले. मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांवर अवलंबून असलेल्या मालिकेसाठी हा बदल महत्त्वाचा होता.

== तिसरी प्रतीक्षा : २०१३ नंतर ==

'क्रिश ३'नंतर चौथ्या भागाविषयीच्या बातम्या वेळोवेळी येत राहिल्या. या काळातील विलंबामागे अनेक कारणे होती. जानेवारी २०१९ मध्ये राकेश रोशन यांना घशाचा कर्करोग झाल्याचे निदान प्राथमिक अवस्थेत झाल्याची माहिती हृतिक रोशन यांनी समाजमाध्यमावरून दिली. उपचारांनंतर राकेश रोशन पुन्हा कार्यरत झाले. मार्च २०२० पासून कोविड-१९ च्या साथीमुळे चित्रपटगृहे दीर्घकाळ बंद राहिली. २३ जून २०२१ रोजी 'क्रिश'ला पंधरा वर्षे पूर्ण झाली, त्या दिवशी हृतिक रोशन यांनी चौथ्या भागाचे सूतोवाच केले. त्यानंतरही चित्रीकरण सुरू झाले नाही.

खर्च हा कळीचा मुद्दा होता. साथीनंतर प्रेक्षक पूर्वीच्या संख्येने चित्रपटगृहांकडे परतलेले नाहीत आणि आजची मुले प्रचंड खर्चाचे हॉलिवूडपट पाहून मोठी होत आहेत, अशा आशयाची चिंता राकेश रोशन यांनी मुलाखतींतून व्यक्त केली. 'ॲव्हेंजर्स : एंडगेम' (२०१९) व 'अवतार : द वे ऑफ वॉटर' (२०२२) या चित्रपटांनी भारतात मोठे उत्पन्न मिळविले होते. 'बाहुबली'चे दोन भाग (२०१५, २०१७), 'ब्रह्मास्त्र' (२०२२) आणि 'कल्की २८९८ एडी' (२०२४) यांमुळे भारतीय चित्रपटांतील दृश्यपरिणामांविषयीच्या अपेक्षाही उंचावल्या. विलंबाबरोबर अपेक्षा वाढत गेल्या आणि अपेक्षांबरोबर खर्च वाढत गेला. प्रतीक्षा लांबण्याचे हे एक चक्र होते.

=== जादूची स्मृती ===

या काळात मालिकेच्या नायकापेक्षाही जादू हे पात्र लोकांच्या बोलण्यात अधिक टिकून राहिले. समाजमाध्यमांवरील विनोदी चित्रांत जादू सतत दिसू लागला. सूर्यप्रकाशासाठी आसुसलेला जादू हिवाळ्यात, पावसाळी ढगाळ दिवसांत किंवा घरात कोंडून राहावे लागले की हमखास आठवला जाई. यातील पुष्कळशी थट्टा आपुलकीची आहे. बालपणी विस्मयकारक वाटलेला रबरी पोशाख प्रौढ नजरेला कृत्रिम दिसतो, तरी त्याच्याविषयीची ओढ संपत नाही, अशी दुहेरी भावना तीत आढळते.

जादूची भूमिका करणारे इंद्रवदन पुरोहित यांचे २०१४ मध्ये निधन झाले. पोशाखात दडलेला हा चेहरा बहुतेक प्रेक्षकांनी कधी ओळखलाच नव्हता. त्यांच्या निधनाच्या वार्तेने अनेकांना जादूमागील कलावंताचे नाव प्रथमच कळले.

=== २०२३ मधील पुनर्प्रदर्शन ===

'कोई... मिल गया'ला वीस वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने तो ४ ऑगस्ट २०२३ रोजी निवडक शहरांतील चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित करण्यात आला. बालपणी तो पाहिलेल्या पिढीला आपल्या मुलांसह तो मोठ्या पडद्यावर पाहण्याची संधी यामुळे मिळाली. हे पुनर्प्रदर्शन चौथ्या भागाच्या प्रतीक्षेत असलेल्या चाहत्यांसाठी दिलासा होते. मालिकेचे भावनिक केंद्र अजूनही पहिल्या चित्रपटात आहे, हेही त्यातून दिसून आले.

== चौथ्या भागाची घोषणा ==

मार्च २०२५ मध्ये राकेश रोशन यांनी 'क्रिश ४'ची अधिकृत घोषणा केली. त्यानुसार या भागाचे दिग्दर्शन हृतिक रोशन करणार असून निर्मितीत यश राज फिल्म्सचे आदित्य चोप्रा सहभागी आहेत. अभिनेता म्हणून पंचवीस वर्षे पूर्ण केलेल्या हृतिक रोशन यांचे हे दिग्दर्शनातील पहिलेच पाऊल असेल. मालिकेचे दिग्दर्शन राकेश रोशन यांच्याकडून प्रथमच दुसऱ्याच्या हाती जाणार, हेही या घोषणेचे वैशिष्ट्य होते.

घोषणेनंतर चाहत्यांत आनंद व्यक्त झाला आणि काही शंकाही उपस्थित झाल्या. रोहित, कृष्णा आणि जादू यांच्याशी सर्वाधिक काळ जोडलेला कलावंत दिग्दर्शक होत असल्याने मूळ भावना जपली जाईल, असा विश्वास एका बाजूने दाखविण्यात आला. अतिशय खर्चिक व तंत्रप्रधान चित्रपटात मुख्य अभिनय व पहिलेवहिले दिग्दर्शन या दोन जबाबदाऱ्या एकाच व्यक्तीने पेलणे कठीण आहे, अशी साशंकता दुसऱ्या बाजूने प्रकट झाली. जादू परतणार का, मृत्यू पावलेला रोहित कथेत पुन्हा दिसणार का आणि कृष्णाच्या मुलाचे काय झाले, हे प्रश्न चर्चेत राहिले.

== अन्य चित्रपटांशी तुलना ==

विज्ञानपटांच्या पुढच्या भागासाठी दीर्घ प्रतीक्षा हा जगभर आढळणारा अनुभव आहे. 'स्टार वॉर्स' मालिकेत १९८३ नंतरचा चित्रपट १९९९ मध्ये आला. 'ट्रॉन' (१९८२) या चित्रपटाचा पुढचा भाग अठ्ठावीस वर्षांनी, तर 'ब्लेड रनर' (१९८२) याचा पस्तीस वर्षांनी प्रदर्शित झाला. 'अवतार'च्या दोन भागांत तेरा वर्षांचे अंतर होते. भारतात 'एंदिरन'चा पुढचा भाग '२.०' आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये आला.

या उदाहरणांतून प्रतीक्षेचे परिणाम एकसारखे नसल्याचे दिसते. १९९९ मधील 'स्टार वॉर्स'ने प्रचंड उत्पन्न मिळविले, तरी जुन्या चाहत्यांचा मोठा वर्ग निराश झाला. 'ब्लेड रनर'च्या पुढच्या भागाची समीक्षकांनी प्रशंसा केली, परंतु त्याला अपेक्षित उत्पन्न लाभले नाही. 'अवतार'चा दुसरा भाग प्रेक्षक विसरले असतील, ही भीती खोटी ठरवीत यशस्वी झाला.

'मिस्टर इंडिया'चे उदाहरण वेगळ्या कारणाने उल्लेखनीय आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये दिग्दर्शक अली अब्बास जफर यांनी या चित्रपटावर आधारित नव्या चित्रत्रयीची घोषणा केली. तेव्हा आपल्याला विचारलेही गेले नाही, अशी जाहीर नाराजी मूळ दिग्दर्शक शेखर कपूर यांनी व्यक्त केली. चित्रपटाचे हक्क निर्मात्याकडे असले तरी त्याच्या पुढच्या भागावर निर्मिकाचा नैतिक अधिकार किती, हा प्रश्न त्यातून पुढे आला. 'क्रिश' मालिकेत निर्माता, दिग्दर्शक, संगीतकार व नायक एकाच कुटुंबातील असल्याने असा वाद उद्भवला नाही.

== महत्त्व ==

'क्रिश' मालिका ही हिंदी चित्रपटसृष्टीतील सर्वाधिक काळ चाललेल्या विज्ञानपट मालिकांपैकी एक आहे. तिच्या तीन भागांतून दृश्यपरिणामांचे काम परदेशी तज्ज्ञांकडून भारतीय संस्थांकडे आलेले दिसते. अंतर वाढत गेले तसा प्रेक्षकांचा प्रतिसादही बदलत गेला. २००३ मध्ये तो प्रामुख्याने आश्चर्याचा, २००६ मध्ये अभिमानाचा, तर २०१३ मध्ये तुलनेचा होता. त्यानंतरच्या काळात त्यात गतस्मृतीची भर पडली.

अभ्यासकांच्या दृष्टीने या मालिकेचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तिच्या आरंभी असलेला नायक. अतिमानवी नायकांच्या कथा सामान्यतः शक्तीपासून सुरू होतात. ही कथा मात्र शाळेत मागे राहिलेल्या, टिंगल सहन करणाऱ्या तरुणापासून सुरू झाली. पुढील भागांत मुखवटा, युद्धे व दृश्यपरिणाम यांचे प्रमाण वाढले, तरी प्रेक्षकांच्या स्मरणात रोहित व जादू यांची मैत्रीच अग्रभागी राहिली. त्यामुळे चौथ्या भागाचे मूल्यमापन करताना त्याच्या तंत्राची तुलना परदेशी चित्रपटांशी होईल. त्याच्या आशयाची तुलना मात्र २००३ मधील त्या मैत्रीशी होण्याचा संभव अधिक आहे.